उपरण्याखालचा हात

नवनाथ लवटेला घासाघीस केल्याशिवाय पाणीही गोड लागत नसे. शेळ्यामेंढ्यांच्या बाजारात निम्मं आयुष्य दलालीत गेलेल्या माणसाचं तसंच होतं. त्यामुळं वेदना केंद्रात डॉक्टर केतकी उपाध्ये म्हणाल्या, "गोळ्या पूर्ण सुटायला वर्षभर लागेल," तेव्हा त्यानं खुर्ची पुढं ओढली, आणि शेजारी बसलेल्या त्याच्या बायकोनं, सुवर्णानं, कपाळाला हात लावला.

"वरीस लई झालं, बाई. चार म्हयन्यांत बसवा."

"लवटे, हा बोकड नाही."

"बरं, तुमचं न्हाई, माझं न्हाई. सहा."

डॉक्टरीणबाई हसल्या. दलालापुढं हसू नये हे त्यांना कोणी सांगितलेलं नव्हतं. थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, "वेग थोडा वाढवून बघू. पण यंत्र अधूनमधून विचारेल, हळू करू का म्हणून. तेव्हा खरं उत्तर द्यायचं. तुमचं शरीर घासाघीस करत नाही." नवनाथनं मान डोलावली. बाहेर पडताना तो बाजार मारल्यासारखा खूश होता.

गोष्ट अशी होती की काही वर्षांपूर्वी मेंढ्यांनी भरलेली पिकअप घाटात उलटली आणि नवनाथच्या कमरेचा मणका मोडला. ऑपरेशन झालं, आत धातूच्या पट्ट्या बसल्या, आणि डॉक्टरांनी कडक वेदनाशामक गोळ्या लिहून दिल्या. त्यात चूक काही नव्हती. त्या गोळ्यांमुळंच तो उठून बसला, चालला, बाजारात परत गेला. पण हाड सांधलं तरी गोळी सुटेना. एक वेळ चुकली की नाक गळायला लागायचं, अंगावर काटा यायचा, पोट ढवळायचं, पायांना कसली तरी ओढ लागायची आणि कंबर पहिल्यापेक्षा दुप्पट दुखायची. त्याला वाटायचं, दुखणं वाढलं. मग गोळीही वाढायची.

केंद्रात त्याला पहिल्यांदा कोणीतरी नीट समजावून सांगितलं. आपल्या मेंदूत दुखणं दाबणारं रसायन मुळातच तयार होतं. तेच काम करणारं औषध बाहेरून रोज मिळायला लागलं की शरीर आपलं घरचं उत्पादन आवरतं घेतं, आणि दुखण्याच्या तारा उलट जास्त ताणून ठेवतं. औषध एकदम बंद केलं तर घरचंही नाही आणि बाहेरचंही नाही. म्हणून ते इतकं हळू कमी करायचं की शरीराला आपला कारखाना पुन्हा सुरू करायला सवड मिळावी. "यात लाज वाटण्यासारखं काही नाही," डॉक्टर म्हणाल्या होत्या. "कुणाच्याही शरीरात हेच झालं असतं." सुवर्णानं ते ऐकलं. नवनाथचं लक्ष तेव्हा महिन्यांच्या आकड्याकडं होतं.

यंत्राचं सरकारी नाव लांबलचक होतं, केंद्रातले लोक त्याला नुसतं 'उतार' म्हणत. दंडाच्या आतल्या बाजूला चिकटवायची एक चकती. केसाहून बारीक सुयांमधून ती औषध कातडीखाली सोडायची आणि रोज किंचित कमी करत न्यायची. घाम, नाडी, स्नायूंची बारीकशी उडी, हे सगळं ती सतत मोजायची आणि त्यावरून जुन्या जखमेचं दुखणं कुठलं आणि औषधाची मागणी कुठली हे ओळखायची. माणसाला स्वतःला जे कळत नाही ते तिला कळायचं. मागणी फार वाढली की ती विचारायची, हळू करू का? हो किंवा नाही, बोटानं सांगायचं.

आणि सोबत्याच्या मनगटावर एक पट्टी असायची. माणूस एकटा असला की कासावीस होऊन जुन्या डब्यातल्या गोळ्या शोधतो, आणि मधल्या काळात शरीराची सवय मोडलेली असल्यानं तीच जुनी मात्रा त्याचा श्वास थांबवू शकते. म्हणून ही पट्टी. तो कितीही लांब असला तरी त्याच्या शरीरानं मागणी केली की ती गरम व्हायची, त्याचा स्नायू उडाला की ती मनगटावर टिचकी मारायची. जादा मात्रा लागलीच, तर रुग्णाचं बोट आणि सोबत्याचा तळहात चकतीवर एकाच वेळी ठेवायचा. सुवर्णा सोबती झाली. दुसरं होतं कोण? मुलगी सासरी होती.

नवनाथला चकतीचं काही वाटलं नाही, ती सदऱ्याच्या बाहीत झाकून जायची. पट्टीनं मात्र त्याचा जीव नकोसा केला. सुवर्णा भाकरी थापताना मधेच थबकायची आणि त्याच्याकडं बघायची. गुरांना वैरण टाकताना थबकायची. तिच्या बघण्यात राग नव्हता, तेच त्याला जास्त लागायचं. आतून आपल्याला काय होतंय ते बायकोला आपल्याआधी कळतं, ही गोष्ट त्याला सहन होईना. शेजारच्या बाईनं पट्टीबद्दल विचारलं तेव्हा त्यानंच घाईघाईनं सांगितलं, "साखरंची हाय. तिला साखर निघाली." सुवर्णानं बाहेर काही म्हटलं नाही, घरात आल्यावर एवढंच म्हणाली, "तुमचं दुखनं माझ्या अंगावर घातलंसा. बरं वाटलं का?"

तो जेवढा लाजायचा तेवढी त्याला घाई व्हायची. चकती विचारायची, हळू करू का? तो सांगायचा, नाही. पायांनी अंथरूण तुडवलं, जांभया थांबेनात, तरी नाही. सहा महिन्यांचा सौदा ठरला होता आणि ठरलेला सौदा नवनाथ लवटे मोडत नसे.

आता शनिवारच्या बाजाराबद्दल सांगायला हवं. माणदेशातल्या शिंगणवाडीचा बाजार बदललेला होता. प्रत्येक मेंढीच्या कानात चिप होती, फोन जवळ नेला की वय, वजन, लसी, आईबाप, सगळं दिसायचं, खाली सरकारी अंदाजे भावसुद्धा यायचा. खांबाखांबांवर कॅमेरे होते. पण सौदा अजून उपरण्याखालीच व्हायचा. दोन दलाल हातात हात घ्यायचे, वरून उपरणं टाकायचे आणि बोटांनी बोलायचे. एक बोट धरलं तर एक, सगळा पंजा धरला तर पाच, आणि मूठ करून समोरचा हात आवळला की सौदा पक्का. बघणाऱ्याला फक्त हलणारं कापड दिसायचं. झाकली मूठ सव्वा लाखाची. चिप वजन सांगते, विकणाऱ्याची गरज सांगत नाही, आणि ती गरज चारचौघांत उघडी पडू नये म्हणून हे उपरणं. त्याचे नियम दोनच. आवळलेला हात फिरत नाही. आणि उपरण्याखाली जे कळलं ते बाहेर बोलायचं नाही.

नवनाथच्या समोर बहुतेक वेळा रफिक मुलाणी असायचा. दोघं मिसरूड फुटायच्या आधीपासून एकमेकांचे हात धरत आलेले. ईदला नवनाथच्या घरी रफिकचा शिरखुर्मा यायचा आणि दिवाळीला इकडून फराळ जायचा. भांडणंही जोरात व्हायची, पण ती कधी हातावरून झाली नव्हती.

त्या शनिवारी नवनाथकडं जयश्री खांडेकरचा मेंढा होता. माडग्याळी जातीचा, बाकदार नाकाचा, बघणाऱ्यानं थांबावं असा. जयश्रीनं तो कोकरू असल्यापासून बाटलीनं दूध पाजून वाढवला होता आणि त्याच्या जोरावर मुलीला नर्सिंगला घालायचं ठरवलं होतं. "नवनाथभाऊ, तुमच्या हातात दिलाय," असं म्हणून ती बाजूला उभी राहिली. रफिक विजापूरच्या एका बागायतदारासाठी घ्यायला आला होता. उपरणं पडलं.

नवनाथचा तळहात आधीच ओला होता. सकाळपासून चकतीनं दोनदा विचारलं होतं आणि त्यानं दोनदा नाही म्हटलं होतं. रफिकनं पहिला भाव दाखवला, पाडून. सुरुवात नेहमी तशीच असते. नवनाथ आता त्याचं बोट झटकून वरचा आकडा सांगणार, एवढ्यात खांद्यापासून एक लहर आली आणि त्याची मूठ आपोआप आवळली गेली. कच्चकन. रफिकचा हात तिच्यात होता.

रफिक क्षणभर थांबला, मग उपरणं काढून म्हणाला, "झाला." पण त्यानं नवनाथच्या चेहऱ्याकडं बघितलं आणि तो जवळ सरकला. "नवा, काय चुकलं का? परत हात दे. कुणी बघितलं न्हाई आजून."

त्या एका वाक्यात सगळं निस्तरलं असतं. नवनाथनं हात पुढं केलाही असता. पण हात अजून उडत होता. रफिकला तो पुन्हा धरू दिला तर त्याला कळणार, आणि थरथरणाऱ्या हाताच्या दलालाला कोण मेंढा देतो? नवनाथनं हात पाठीमागं नेला, आणि त्याच्या तोंडून मोठ्यांदा निघालं, "मी आवळलाच न्हाई. ह्यानं माझी बोटं दाबून धरली. खोटा हात केला ह्यानं!"

आसपासची माणसं गोळा झाली. जयश्रीनं विचारलं, कितीला गेला? आकडा ऐकून ती मटकन खाली बसली. रफिक नुसता नवनाथकडं बघत राहिला, आणि नवनाथनं मेंढ्याच्या शिंगाकडं नजर वळवली.

खोटा हात हा त्या बाजारातला सगळ्यांत मोठा आरोप. जुन्या दलालांनी लिंबाखाली बैठक घातली. म्हातारे तातोबा पुजारी मधोमध बसले. त्यांनी रफिकला विचारलं, "तुला हाताला काय लागलं त्ये सांग."

"उपरण्याखालचं हाय, तात्या," रफिक म्हणाला.

"आरं, तुझ्यावर बालंट आलंय."

"आसूद्या. त्ये मी बोलनार न्हाई."

जो बोलत नाही त्याच्या मनात काहीतरी आहे, असं चारजणांना वाटलं. त्यांतल्या दोघांना ते रफिकच्या नावामुळं जरा लवकरच वाटलं, हेही खरं आहे. सौदा रद्द झाला, मेंढा जयश्रीकडं परत गेला, आणि तातोबांनी रफिकच्या खांद्यावरचं उपरणं काढून आपल्या मांडीवर ठेवलं. पाडवा होईपर्यंत त्यानं बाजारात हात धरायचा नाही. बोलता बोलता नवनाथला कोणी चहा आणून दिला. तो त्यानं प्यायला. त्या चहाची त्याला पुढं सगळ्यांत जास्त लाज वाटली.

घरी आला तेव्हा सुवर्णा अंगणात शेंगा फोडत बसली होती. तिनं वर बघितलं नाही.

"मेंढा इकला न्हाई वाटतं."

"रफिकनं घोटाळा केला."

"कवा? बारा वाजायच्या सुमाराला?"

तिनं मनगट पुढं केलं. "हितं टिचकी बसली. नुसती टिचकी न्हाई, माझ्या हातातनं सूप पडलं. जयश्रीचा फोन येऊन गेला, ती रडत हुती. रफिकभाऊंचं उपरणं काढलं म्हनाली. मी काय बोलले न्हाई तिला."

"सुवर्णा, कुनाला कळलं तर माझा हात कोन धरंल?"

"न्हाई धरनार." तिनं सूप बाजूला ठेवलं. "तुमी त्या गोळ्यांपायी लाजून लाजून अर्धे झालासा. डॉक्टरीणबाई सांगून दमल्या, मी दमले, त्यात लाजायचं काय न्हाई म्हनून. आनि आज जिथं लाज वाटाया पायजे हुती तिथं तुमी चोर सोडून संन्याशाला सुळी दिलीसा आनि घरी जेवाया आलासा."

"मग तू जाऊन सांग की समद्यांना. पट्टी तुझ्याकडं हाय."

"मी का सांगू? पट्टी दुखनं कळावं म्हनून दिलीया. चहाडी कराया न्हाई."

तो ओसरीवर बसला. अंगाला काटा येत होता, नाक गळत होतं, आणि कंबरेत कोणीतरी पहार घातल्यासारखं दुखत होतं. चकतीनं विचारलं, हळू करू का? नवनाथनं पहिल्यांदा हो म्हटलं. हो म्हणताना त्याला हुंदका आला. हार मानली म्हणून आला की रफिकसाठी, ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. सुवर्णा आत जाऊन गरम पाणी घेऊन आली आणि त्याचे पाय शेकत बसली.

सोमवारी तो केंद्रात गेला. डॉक्टर उपाध्येंनी मात्रा एक पायरी मागं नेली आणि तिथंच काही आठवडे थांबवायची ठरवली. "मागं येणं म्हणजे हरणं नाही," त्या म्हणाल्या. "पण तुम्ही इतक्या वेळा नाही का म्हणालात?"

"सौदा ठरला हुता न्हवं, सहा म्हयन्यांचा."

डॉक्टर या वेळी हसल्या नाहीत. "ती माझी चूक झाली. मी तुमच्याशी भाव करायला नको होता."

आठवडाभरात पायांची ओढ कमी झाली, झोप लागायला लागली. पण शनिवारी सकाळी कपडे घालताना त्याचा हात पुन्हा उडायला लागला. हे औषधाचं नव्हतं, भीतीचं होतं. चकतीही गप्प होती. तो सुवर्णापुढं येऊन उभा राहिला.

"एक जादा मात्रा दे. आजचा दिस. तेवढी घिऊन नीट बोलता यील."

त्याला वाटलं ती नाही म्हणेल, आणि मग घरी राहायला कारण मिळेल. तिनं लगेच आपला तळहात त्याच्या दंडावर ठेवला. आता फक्त त्याचं बोट टेकायचं होतं. त्यानं बोट उचललं आणि तसंच धरून ठेवलं. गोळी चढली की कसं वाटतं ते त्याला पाठ होतं. सगळं बरं वाटतं. मग रफिकचं उपरणं गेलेलंही बरं वाटेल, जयश्रीचं खाली बसणंही. त्यानं हात खाली घेतला. "चल," तो म्हणाला. गाडी सुवर्णानंच चालवली, औषध सुटेपर्यंत त्याला चालवायची परवानगी नव्हती.

लिंबाखाली तातोबा होते, बाकीचे दलाल होते, जयश्री मेंढा घेऊन पुन्हा आली होती. रफिकही आला होता. हात धरायची बंदी होती, बाजारात यायची नव्हती, आणि शनिवारी घरी बसायचं कसं हे त्याला ठाऊक नव्हतं. नवनाथनं कुणाला रामराम घातला नाही. त्यानं सदऱ्याची बाही खांद्यापर्यंत वर सारली, चकती दाखवली आणि उजवा हात सगळ्यांसमोर उघडा धरला. हात थरथरत होता.

"ह्यो हात रफिकनं दाबला न्हाई. ह्यो आपोआप आवळला. मी दुखन्याच्या गोळ्या सोडतोय, त्याचा झटका हुता. रफिक म्हनला परत हात दे. मीच दिला न्हाई. आळ घातला. त्याचं काय चुकलं न्हाई."

मग तातोबांनी विचारलं, "गोळ्या कवाधरनं घेतोस?"

"पिकअप उलटली तवाधरनं."

"म्हंजी इतकी वर्सं तू बाजारात..."

"व्हय. तवा हात चांगला ऱ्हायचा, उडायचा न्हाई. पन गोळी चढली की समदंच बरं वाटायचं, तात्या. समोरनं काय बी भाव आला तरी बराच वाटायचा."

हे वाक्य तो घरून ठरवून आला नव्हता. खरं सांगायला लागल्यावर ते मागोमाग आलं, आणि तोंडातून गेल्यावर त्याला कळलं की आपण काय बोललो. घरून येताना त्यानं एका मेंढ्याची लाज सोबत आणली होती. गर्दीतल्यांचे विचार मात्र भलतीकडंच गेले होते. प्रत्येकजण आपापलं जनावर आठवत होता.

जयश्रीनंच सुरुवात केली. "नवनाथभाऊ, दोन सालामागं माझ्या शेळीच्या तरण्या पाटी तुमीच इकल्या. तवा मला वाटलं, कमीच आलं. पन म्हनलं, तुमचा हात हाय."

"तवा बी घेत हुतो."

"मग त्यो भाव खरा हुता का?"

"म्हाईत न्हाई, जयश्री."

तिच्यामागून एका म्हाताऱ्यानं आपल्या बोकडांचं विचारलं. मग आणखी एकानं. कोणी शिव्या दिल्या नाहीत, कोणी अंगावर आलं नाही. ते पुढं यायचे, आपल्या जनावराचा रंग सांगायचे, साल सांगायचे आणि विचारायचे, आणि नवनाथ म्हणायचा, म्हाईत न्हाई. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं असं त्याला वाटलं. माणसं एकामागं एक उभी राहिली. सुवर्णानं चहाच्या गाड्यावरून एक रिकामा खोका आणला आणि त्याच्यामागं ठेवला. "बसा," ती म्हणाली. "कंबर धरंल."

तातोबांनी आठवडाभर आपल्याकडं ठेवलेलं उपरणं झटकून रफिकच्या खांद्यावर टाकलं. रफिकनं ते नीट केलं. नवनाथला वाटलं, आता तो त्याच्या मेंढ्यांकडं निघून जाईल. रफिक गेला नाही. सगळी माणसं संपेपर्यंत तो थांबला आणि शेवटी पुढं आला.

नवनाथ खाली बघत म्हणाला, "तुझं कुठलं जनावर, रफिक?"

"जनावर न्हाई." रफिक त्याच्यासमोर उकिडवा बसला. "इतकी वर्सं दर शनिवारी तुझा हात माझ्या हातात असायचा. वर उपरनं. कुनाला दिसत न्हवतं, आनि मी बाहेर बोललो नसतो. मला का न्हाई सांगितलंस, नवा?"